एबनेझर मिस्त्रींचा डावा हात

बसा, मी बोलतोय. मी म्हणजे रंधा, सुतार ज्यानं लाकूड गुळगुळीत करतो तो. एका माणसावर मला सूड उगवायचा होता आणि तो मी उगवला. कसा, ते सांगणार आहे. क्षमाबिमा ऐकायला आला असाल तर आताच उठा. ते खातं आमच्या घरात प्रेमाबाई सांभाळते.

माझा जन्म शिरूरचा. जुन्या चर्चच्या मागं वस्ती आहे, तिथं एबनेझर मिस्त्रींचं पत्र्याचं शेड. सगळे त्यांना आबा म्हणायचे, अगदी पाळकसाहेबसुद्धा. मोडक्या बैलगाडीच्या चाकाचा मधला तुंबा त्यांनी कुठूनसा आणला होता, बाभळीचा, वंगण पिऊन पिऊन काळा पडलेला. त्यातून त्यांनी मला कोरून काढलं. पातं ट्रकच्या कमानपाट्याचं, लोहाराकडून ठोकून घेतलेलं. पुढं नाकावर तापलेल्या खिळ्यानं एक 'ए' काढला, एबनेझरचा. त्याच साली प्रेमाबाई आबांशी लग्न होऊन त्या घरात आली. म्हणजे आम्ही दोघं बरोबरीचे, म्हणून मी तिला अगंतुगं करतो.

आता नीट ऐका, कारण पुढचं सगळं यावर आहे. आबा डावखुरे होते. शाळेत त्या हातावर छड्या बसल्या, घरी बोलणी बसली, पण हात काही बदलला नाही. बाजारातला रंधा उजव्या हाताच्या माणसासाठी केलेला असतो. तो आबांना जमेना. तळहाताला फोड यायचे. शेवटी वैतागून त्यांनी मला केलं, स्वतःच्या डाव्या हातासाठी. माझं पातं सरळ नाही, जरा तिरकं बसवलंय. मुठीला त्यांच्या डाव्या अंगठ्यापुरती खोबण आहे. आबांनी मला ढकललं की लाकडाची साल माझ्या तोंडातून निघून पलीकडं पडायची, हाताला लागायचीसुद्धा नाही. अशी पातळ साल, की पाहुणे ती उचलून उजेडात धरून बघायचे.

मग लोक मागं लागले. आबा, आम्हालाबी असाच करून द्या की. आबांनी करून दिले. शिरूर, न्हावरे, निमोणे, कुठल्या कुठल्या सुतारांच्या पेटीत माझी पोरं गेली. मापं आबांनी कधी लिहिली नाहीत. माप म्हणजे मी. पण मी डाव्या हाताचा आणि गिऱ्हाईक उजव्या हाताचं, मग कसं करायचं? तर आबा नव्या लाकडाचा तळ माझ्या तळाला भिडवायचे, प्रार्थनेला दोन हात जोडावेत तसा, आणि मग खुणा काढायचे. डाव्या हाताला जोडलेला हात उजवाच असतो. माझा तिरकेपणा त्या लाकडावर उलटा उतरायचा आणि गिऱ्हाइकाच्या हाताला बरोबर बसायचा.

जस्मिन त्यांची एकुलती लेक. तिला फळ्याफर्निचरात रस नव्हता, तिला रंधेच करायचे होते. उजव्या हाताची पोरगी, पण बापाचं कसब सगळं घेतलं. तिनं घाई केली की आबा ओरडायचे, "जस्मिन, आधी हात जोड, मंग खूण कर!" बाप-लेक दोघं मिळून रंधे करायचे आणि मी मधे बसून साहेबी करायचो. ते माझे चांगले दिवस.

आबा गेले. अंगात ताप होता, दवाखान्यात नेलं, परत आले ते अंग थंड होऊनच. शवपेटीची झाकणफळी जस्मिननं रंधली, माझ्याच एका पोरानं. मला मात्र तिनं त्या दिवशी हात लावला नाही. कोनाड्यात ठेवलं आणि म्हणाली, "तुम्ही बसा आज."

आणि मग तो आला.

सोपानराव दौंडचा. जुने रंधे गोळा करायचा नाद त्याला. भंगाराच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, म्हाताऱ्या सुतारांच्या ओट्यावर तासन् तास चहा पीत बसायचा. साग, शिसव, चिंच, नुसत्या वासावरून लाकूड सांगायचा. खोटं कशाला बोलू, जीव होता त्याचा रंध्यांवर. मांजराचा उंदरावर असतो तसा. आमच्या घरची शोकप्रार्थना झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात तोंड पाडून हजर. जस्मिन तेव्हा न्हावऱ्याला एका मिस्त्रीचा रंधा पोचवायला गेली होती. यानं बाजेवर बसून चहा घेतला आणि डोळे माझ्याकडं.

"मावशी, आबांसारखा मिस्त्री पुन्हा व्हायचा न्हाई बघा," म्हणाला. "ह्यो रंधा चार रोज न्हेतो. फोटो काढतो, आबांचं नाव समद्या म्हाराष्ट्रात पोचवतो."

प्रेमाबाईचे डोळे भरून आले. नवऱ्याचं नाव होणार म्हटल्यावर कुठल्या बाईला बरं वाटणार नाही? "व्हय बाबा, न्ये," म्हणाली. "पर जपून न्ये." आबांच्या धुतलेल्या टॉवेलात मला गुंडाळलं आणि तिनंच त्याच्या हातात दिलं.

ते चार रोज अजून संपले नसते, मेल्याचे.

दौंडच्या अलीकडं रस्त्याला लागून त्यानं मोठं दालन बांधलंय. आत चारी भिंतींना रंधेच रंधे, सगळे चकचकीत, सगळ्यांची पाती काढून ठेवलेली. दात पाडलेल्या म्हाताऱ्यांच्या पंगतीत आणून बसवल्यासारखं झालं मला. शेजारी एक लोखंडी विलायती रंधा होता. तो मला म्हणाला, "होईल सवय." मी म्हटलं, "तुझ्या सवयीला आग लाव."

मग सोपानरावानं पॉलिशपेपर घेतला आणि माझ्या नाकावरचा 'ए' घासायला बसला. हळूहळू, प्रेमानं, शीळ घालत. लाकूड दुखत नाही असं तुम्हाला वाटतं ना? वाटू द्या. 'ए' पार निघून गेल्यावर तिथं पितळी पाटी ठोकली, "कै. मल्हारी आप्पा यांचा रंधा". मल्हारी आप्पा म्हणजे त्याचा आज्जा. गुळाची अडत होती त्याची. त्यानं जन्मात खिळा ठोकला असेल तर शपथ! माझ्या तळाची आग मस्तकात गेली. आबांनी छड्या खाऊन टिकवलेला हात, आणि नाव या गूळवाल्याचं?

जस्मिन आली. शिरूरहून न्हावऱ्यावरून एसटी बदलत आली असणार, पदर धुळीनं भरला होता.

"काका, आबांचा रंधा द्या," ती म्हणाली. "त्याच्याबिगर मला खुणा काढता येत न्हाईत. अंदाजानं दोन केले, दोन्ही माघारी आले."

"कुठला रंधा गं, पोरी? ह्यो आमच्या आज्ज्याचा हाय. पाटी वाच की."

"त्याच्यावर 'ए' व्हता. आबांनी काढलेला."

"मंग दाव ना कुठं हाय त्यो."

जस्मिननं मला उचललं, माझ्या नाकावरून अंगठा फिरवला. परत फिरवला. काही लागलं नाही तिला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं तसं सोपानरावानं मला तिच्या हातातून काढून घेतलं, पाणी लागून डाग पडेल म्हणून. ती आणखी एकदा आली, तेव्हा गेटवरच्या माणसानं आत सोडलंच नाही. मला खिडकीतून दिसत होती. नंतर कळलं, तिनं शेडला कुलूप घातलं आणि कारेगावात एका कंपनीत पॅकिंगला लागली. ज्या बोटांनी पाती बसवली ती बोटं खोक्यांना चिकटपट्टी लावायला लागली.

त्या दिवशी मी ठरवलं. सोपानराव, तुझा हिशोब माझ्याकडं आहे. मला हात नाहीत, पाय नाहीत, मी ओरडू शकत नाही. पण वाट बघण्यात मला हरवून दाखव. मी बाभळीचा आहे.

आणि बघा, त्यानंच मला संधी दिली. लोभ स्वस्थ बसू देईना त्याला. त्याला आता स्वतःच्या नावाचे रंधे काढायचे होते, हुबेहूब माझ्यासारखे. एका ओळखीच्या कारखान्यात मला नेलं. तिथं कॉम्प्युटरला जोडलेलं यंत्र होतं. त्यानं लाल उजेड टाकून माझं अंग अंग मोजलं, पात्याची बैठक, तोंड, मूठ, आबांच्या अंगठ्याची खोबणसुद्धा. आणि तसेच तीस रंधे कापून काढले. सोपानराव एकेक हातात घेऊन म्हणत होता, "वा! केसाचा फरक न्हाई! केसाचा फरक न्हाई!"

मी मनात म्हटलं, नाहीच मुळी, बाबा. केसाचाही फरक नाही. तीसच्या तीस डावखुरे. यंत्राला हात जोडायला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि सोपानरावाला कुठून कळणार? रंधे जमवण्यात आयुष्य घालवलं, पण रंधा एकदाही मारला नव्हता त्यानं. मला असं हसू आलं, की पाचर बसवलेली असती तर सैल झाली असती.

मग त्यानं मोठा कार्यक्रम ठेवला. दालनाचं उद्घाटन, शिरूर-दौंडच्या सुतारांना आमंत्रण, रंधा मारायची स्पर्धा, आणि येणाऱ्या प्रत्येकाला एक 'मल्हारी रंधा' भेट. व्हॉट्सॲपवर पत्रिका सगळीकडं फिरली. मांडव घातला, फेटे बांधले, आज्ज्याच्या मोठ्या फोटोला हार घातला. फोटोखाली मला ठेवलं, मखमलीवर. मान मिळाला हो गुळाच्या अडतीला! पहिल्या रांगेत सोपानरावाची आई अनसाबाई खुर्चीत बसवलेली, नऊवारी नेसून, कानाला यंत्र लावून.

आणि मागच्या दारातून कोण आलं? प्रेमाबाई. सोबत जस्मिन, कंपनीची सुट्टी टाकून. प्रेमाबाई तिला म्हणत होती, "मी दिला ना? मंग मीच मागनार. तू गप ऱ्हा." गर्दीत दोघींना कुणी अडवलं नाही.

सोपानरावानं माईक घेतला. "आमचे आज्जे मल्हारी आप्पा ह्ये पंचक्रोशीतले नामांकित कारागीर व्हते," असं सुरू केलं आणि थांबेचना. लोक टाळ्या वाजवत होते. तोंडात दात असते तर मी खाल्ले असते. शेवटी स्पर्धा सुरू झाली. लाकडी घोड्यांवर सागाच्या फळ्या मांडल्या होत्या. सुतारांनी नवे रंधे उचलले आणि ढकलले.

आणि जे व्हायचं तेच झालं! साल पलीकडं जायची ती सरळ उजव्या हातावर यायला लागली. तोंडं तुंबली. फळ्यांवर ओरखडे उठले, एकाची फळी तर पार चिरफाळली. मुठीची कड तळहातात घुसायला लागली. निमोण्याचे एक मिस्त्री हात झटकत म्हणाले, "ओ सोपानराव, ह्यो रंधा हाय का सासुरवास? मूठच चावती हाय!"

लोक हसायला लागले. सोपानरावाचं तोंड लाल झालं. "नवीन हाय, म्हनून," तो म्हणाला. "थांबा, आज्ज्याचा अस्सल रंधा दावतो चालवून. मंग कळंल." मखमलीवरून त्यानं मला उचललं, पातं बसवलं, पाचर ठोकली. कितीतरी दिवसांनी माझ्या तोंडात दात आला. उजव्या हातानं त्यानं माझी मूठ धरली. आबांच्या अंगठ्याच्या खोबणीत त्याचं बोट वेडंवाकडं अडकलं.

ये, म्हटलं. ये, सोपानराव. तुझीच वाट बघत होतो.

त्यानं ढकललं. मी जागचा हललो नाही. त्यानं सगळं अंग घालून ढकललं. तेव्हा मी एकदम सुटलो, फळीवरून घसरलो, त्याच्या हातात उलटा झालो आणि त्याच्या तळहाताचं सालपट काढलं. पातळ नाही काढलं. रक्त माझ्या मुठीवर आलं. मला वाईट वाटलं का? अजिबात नाही. नाकावरचा 'ए' घासला होता ना त्यानं? मी त्याचा तळवा घासला.

"अगं आई गं!" तो ओरडला. तेवढ्यात प्रेमाबाई पुढं आली. चष्मा पुसला, मला बघितलं, आणि साध्या आवाजात विचारलं, "सोपानराव, तुमचा आज्जा डावरा व्हता का वो?"

"काय?"

"ह्यो डाव्या हाताचा रंधा हाय. तुमचा आज्जा डावरा व्हता का, येवढंच इचारते."

सोपानराव काही बोलायच्या आत पहिल्या रांगेतून अनसाबाई बोलली. कानाला यंत्र असलेली माणसं मोठ्यानं बोलतात, तशी मांडवभर ऐकू जाईल एवढ्यानं. "डावरं? न्हाई गं बया! मामंजी चांगले उजव्या हातानं ताट फेकून मारायचे. आन् रंधा कुठला? आमच्या घरात कवा रंधा व्हता? गुळाचा तराजू व्हता."

काय सांगू तुम्हाला! जो हशा उठला, त्यात फेटे सुटले. माणसं खुर्च्यांवरून खाली यायची बाकी राहिली. आमची सारी भिंत हसत होती, तो लोखंडी साहेबसुद्धा. सोपानराव रक्ताचा हात धरून उभा. त्याच्या आईला काही कळेना, ती सगळ्यांना विचारत होती, "काय झालं? मी काय चुकीचं बोलले का?"

प्रेमाबाई मात्र हसली नाही. ती जवळ आली आणि तिनं आपला डावा हात माझ्या मुठीवर ठेवला. अंगठा हळूच खोबणीत सरकवला. तिचा अंगठा बारीक, खोबण मोठी.

"मिस्त्री गेले तवा त्यांचा हात मातीला दिला," ती म्हणाली. "ह्यो एवढाच ऱ्हायलाय. माझ्या माणसाचा हात हाय ह्यो, सोपानराव. माघारी द्या."

सोपानरावानं मान खाली घातली आणि स्वतःच्या हातानं पितळी पाटीचे स्क्रू काढून दिले.

मी घरी आलो. जस्मिननं शेडचं कुलूप काढलं, कंपनीला राम राम ठोकला. खिळा तापवून माझ्या नाकावर परत नाव काढलं. आता नुसता 'ए' नाही, आख्खं 'एबनेझर'. चटका बसत होता आणि मी म्हणत होतो, खोल काढ, पोरी, आणखी खोल काढ.

तुम्हाला वाटेल, झालं, संपला सूड. मलाही वाटलं होतं. पण पंधरा दिवसांनी दारात टेम्पो थांबला. त्यातून सोपानराव उतरला, हाताला पट्टी, मागं गोणीत ते तीस रंधे, सुतारांनी मांडवातच टाकून दिलेले.

"पोरी," तो म्हणाला, "लोक मला रस्त्यात थांबवून इचारतात, आज्जा डावरा व्हता का म्हनून. पानवालासुद्धा इचारतो. येवढे दुरुस्त करून दे. तुझं नाव टाक, काय बी टाक."

मी कोनाड्यातून ओरडत होतो, हाकलून दे! जाळ ते! चुलीत घाल! जस्मिननं एक रंधा उचलला, माझ्याकडं बघितलं, परत त्याच्याकडं बघितलं.

"ह्ये दुरुस्त व्हत न्हाईत, काका. बैठकच डावी कापलीय."

"मंग काय जाळू?"

"न्हाई." तिनं खिळा विस्तवात टाकला. "जाळायचं कशाला? चांगले रंधे हायत. फक्त डाव्या हाताचे हायत." आणि तिनं तीसच्या तीस रंध्यांवर एबनेझर काढलं. सोपानराव धुरात खोकत बसून राहिला. सगळे झाल्यावर ती म्हणाली, "आता डावरे सुतार हुडका. गावोगाव हिंडा. एकेकाच्या दारात जाऊन द्यायचा, आन् सांगायचं, ह्यो कुणाचा रंधा हाय आन् तुमच्याकडं कसा आला. खरं सांगायचं. मी फोन करून इचारनार हाय."

"मी? दारोदार?"

प्रेमाबाईनं त्याच्यापुढं चहा ठेवला. "घ्या, सोपानराव. मी तर तुम्हाला कवाच माफ केलं," ती म्हणाली. "पर त्या रंध्याचं मला काय सांगता यायचं न्हाई."

बरोबर ओळखते मला. एकाच साली आलो ना.

तेव्हापासून सोपानराव हिंडतोय. डावखुरे सुतार काय झाडाला लागतात का? कुठं निमोण्यात एक, कुठं भीमेच्या पलीकडं एक. कारेगावात उत्तरेकडून आलेला एक कारागीर सापडला. आयुष्यभर उलट्या रंध्यानं काम करून त्याच्या हाताला घट्टे पडले होते. त्यानं सोपानरावासमोरच पहिला हात मारला. साल लांबच्या लांब निघून पलीकडं पडली. तो रंधा खाली ठेवीना. "ये किसका है, साहब? किसने बनाया?" असं परत परत विचारत राहिला. जस्मिननं तो व्हिडिओ मला दाखवला, फोन कोनाड्याला टेकवून. सोपानराव त्यात मान खाली घालून सांगत होता, "एबनेझर मिस्त्री का है. शिरूर के. मैं चुरा के ले गया था."

तो व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा बघतो. माझं पोट भरत नाही.

जस्मिनला मी हातात बसत नाही, ती उजव्या हाताची. रोज सकाळी नव्या लाकडाचा तळ माझ्या तळाला लागतो, तेवढीच माझी नोकरी. रविवारी चर्चहून आल्यावर प्रेमाबाई मला तेल लावते आणि अंगठा त्या खोबणीत ठेवून थोडा वेळ बसते.

तर मंडळी, माझं एवढं काम करा. तुमच्या गावात, तुमच्या घरात कुणी डावखुरा सुतार असेल, तर सोपानरावाला दौंडला निरोप धाडा. गोणी अजून अर्धीसुद्धा रिकामी झालेली नाही. आणि पत्ता जरा लांबचा असला तरी चालेल. जितका लांबचा, तितकं बरं.